फासे हातात ठेवा, कारकुनी ॲपला द्या

नमस्कार मंडळी. टेबलाभोवती बसून खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधला एक प्रसंग बघा.

गुहेच्या तोंडाशी ६ बगबेअर (केसाळ, धिप्पाड राक्षस) उभे आहेत, समोर आपले ४ खेळाडू. जादूगार खेळणारी मैत्रीण ओरडते, "फायरबॉल!" टेबलावर एकच कल्ला. ती ८ फासे दोन्ही ओंजळींत खुळखुळवते, टाकते, सगळे वाकून बेरीज करतात. ३१! टाळ्या. आणि मग डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणतो, "एक मिनिट हं."

त्या एका मिनिटात काय काय होतं बघा. २० फूट त्रिज्येच्या वर्तुळात नक्की कोण सापडलं, कोण बाहेर राहिलं? प्रत्येक बगबेअरसाठी बचावाचा वेगळा फासा. जो वाचला त्याला निम्मं नुकसान. ३१ चं निम्मं १५ की १६? (१५. अपूर्णांक खाली उतरवायचा.) मग प्रत्येकाचे उरलेले हिट पॉइंट्स, म्हणजे तो अजून किती मार सोसेल ते आकडे, कागदावर खोडून पुन्हा लिहायचे. एका मिनिटाची पाच होतात, एक जण मोबाइल काढतो, दुसरा पाणी प्यायला उठतो, आणि तो स्फोट पार विझून जातो.

आज आपण टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांसाठीच्या ॲप्सबद्दल बोलणार आहोत. माझं मत आत्ताच सांगून टाकतो. मैत्रिणीने टाकलेले ते ८ फासे हा खेळ आहे. बगबेअरांचे ६ फासे ही कारकुनी आहे. ॲपला कारकुनी द्यायची. गडबड होते ती आपण उलटं करतो म्हणून. बटण दाबलं की फायरबॉल पडतो, नुकसान आपोआप वजा होतं, आणि डीएम मात्र नोंदी शोधत बसलेला असतो.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. डंजन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डी अँड डी, १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, आणि या प्रकारच्या खेळांची सुरुवात तिथून झाली. एक जण डीएम होतो, जग आणि प्रसंग उभा करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून काय करायचं ते सांगतात, आणि जिथे जमेल की नाही अशी शंका असेल तिथे २० बाजूंचा फासा टाकतात. बस, एवढंच. कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर हा खेळ उभा राहिला, हे लक्षात असू द्या.

म्हणून पहिला प्रश्न: तुम्ही सगळे एकाच खोलीत बसून खेळता का?

उत्तर हो असेल तर तुम्हाला फार कमी लागतं. खरंच. कुणाच्या मागून कुणाची पाळी, म्हणजे इनिशिएटिव्ह, आणि शत्रूंचे हिट पॉइंट्स सांभाळणारा एक ट्रॅकर. नियम चटकन शोधायला काहीतरी. पाथफाइंडर हा डी अँड डीसारखाच दुसरा खेळ खेळत असाल तर आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर नियम अधिकृतपणे आणि फुकट वाचायला मिळतात, आणि तिथला शोध पुस्तकाच्या सूचीपेक्षा कितीतरी वेगवान आहे. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत. इतक्या वेगवेगळ्या लोकांचे ट्रॅकर आणि शोधयंत्रं बिनधास्त तेच नियम वापरताना दिसतात, ते यामुळे. लॅपटॉप एकट्या डीएमपुढे ठेवा. प्रत्येकापुढे स्क्रीन आली की माणसं एकमेकांकडे बघायची थांबतात.

उत्तर नाही असेल, म्हणजे चार जण चार गावांत, तर मात्र व्हीटीटी लागतो. व्हर्च्युअल टेबलटॉप. म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं टेबल: मॅप, त्यावर चौकोन, चौकोनांवर टोकन, म्हणजे पात्रांच्या सोंगट्या. डी अँड डीमध्ये एक चौकोन म्हणजे ५ फूट.

इथे जरा थांबू, कारण लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे.

रोल२० हे सगळ्यात जुन्या परिचयाचं नाव, २०१२ मध्ये किकस्टार्टरवरून आलेलं. काही इन्स्टॉल करायचं नाही, खेळाडूंना लिंक पाठवली की झालं. फुकट सुरू करता येतं, काही सोयींना सदस्यत्व लागतं. पडद्यावर बरीच बटणं दिसतील, पण त्यातली निम्मी पहिल्या महिन्यात लागतच नाहीत.

फाउंड्री २०२० मध्ये आलं आणि त्याचा हिशोबच वेगळा. परवाना एकदाच घ्यायचा, तोही फक्त डीएमने. खेळाडू ब्राउझरमधून येतात. सगळा खेळ तुमच्या स्वतःच्या मशीनवर चालतो, मॅप तुमचे, नोंदी तुमच्या, बॅकअपसुद्धा तुम्हीच घ्यायचा. वरून लोकांनी बनवलेली असंख्य मॉड्युल्स, म्हणजे जोडता येणाऱ्या जादा सोयी. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीसाठीची फाउंड्रीमधली प्रणाली तर स्वयंसेवकांनी बांधली आहे, आणि ती वापरून बघितली की या लोकांना झोप कधी मिळते असा प्रश्न पडतो.

पण स्वतःच्या मशीनवर चालतं याचा अर्थ नीट ऐका. बाहेरच्या खेळाडूंना तुमच्या घरच्या मशीनपर्यंत पोहोचायचं असतं. राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागतो, नेहमीचा ३००००. आणि बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच आयपी पत्ता देतात. तुमचं कनेक्शन तसं असेल तर पोर्ट उघडूनही उपयोग शून्य. मग पैसे देऊन दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवा, नाहीतर टनेलची, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून वाट काढायची, जुळवाजुळव करा. हे सेशनच्या, म्हणजे खेळाच्या बैठकीच्या, संध्याकाळी कळू नये म्हणून आत्ता सांगतोय. मला सेशनच्या संध्याकाळीच कळलं होतं.

तिसरा आउलबेअर रोडिओ, माझा लाडका. मॅप टाका, टोकन टाका, न पाहिलेल्या भागावर धुकं पसरवा, लिंक द्या. खेळाडूंना खातंही उघडावं लागत नाही. याला तुमच्या खेळाचे नियम माहीत नाहीत, आणि त्याचा हाच गुण मला आवडतो. एखाद्या पात्राने झुंबराला लटकून खिडकीतून उडी मारायचं ठरवलं तर त्यासाठी कुठलं बटण दाबायचं हा प्रश्नच येत नाही.

(स्क्रीनवर: अंधारी गुहा, एका टोकनभोवती उजेडाचं वर्तुळ)

आता हे बघा, डायनॅमिक लायटिंग. मॅपवर भिंती आखायच्या, मग प्रत्येक खेळाडूला आपल्या टोकनच्या जागेवरून दिसेल तेवढंच दिसतं. मशालीचा उजेड २० फूट लख्ख, पुढचे २० फूट अंधूक. एल्फला ६० फुटांपर्यंत, म्हणजे १२ चौकोन, अंधारातलं दिसतं; माणसाला नाही. कागदावर हा नियम प्रत्येक जण विसरतो. इथे माणूस खेळणारा स्वतःहून म्हणतो, "अरे मला काहीच दिसत नाहीये, मशाल पेटवा कुणीतरी!" हे काम ॲपने माणसापेक्षा चांगलं केलं, मी मान्य करतो.

किंमत? तुमच्या संध्याकाळी. मी एकदा तीन संध्याकाळी घालवून एका किल्ल्याच्या भिंती, दारं, खिडक्या, शेकोट्या आखल्या. खेळाडू आले, दारावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारल्या, त्याला कर्ज झालंय हे काढून घेतलं, आणि त्याला सोबत घेऊन बंदराकडे निघून गेले. किल्ला अजून तसाच पडून आहे. तेव्हापासून माझा नियम: लायटिंग फक्त त्या मॅपला जिथे अंधार हाच धोका आहे.

मॅप जड झाला की कुणाचं तरी पान उघडतच नाही. ३० बाय २० चौकोनांचा मॅप, चौकोनाला १०० पिक्सेल धरले तर ३००० बाय २००० होतो, आणि तेवढा पुरतो. पीएनजीऐवजी वेबपीमध्ये साठवा, फाइल बरीच हलकी होते.

फाशांबद्दल एक तक्रार दर ग्रुपमध्ये ऐकू येते: "हा बॉट (ॲपमधला फासे टाकणारा प्रोग्राम) मला मुद्दाम वाईट आकडे देतो." गणित करू. २० बाजूंच्या फाशावर २० पडण्याची शक्यता ५ टक्के. एका सेशनमध्ये तुम्ही २० वेळा फासा टाकलात, तर एकदाही २० न पडण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के आहे. आता ४ खेळाडू धरा, प्रत्येकी २० फासे. चौघांपैकी किमान एकाच्या नशिबी २० नसण्याची शक्यता ८३ टक्क्यांच्या आसपास! म्हणजे बहुतेक प्रत्येक सेशनला कुणीतरी रुसलेला असणारच, बॉट कितीही प्रामाणिक असो. फरक एवढाच की हातातल्या फाशावर आपण रागावू शकतो, त्याला डब्यात टाकून दुसरा घेऊ शकतो. म्हणून ऑनलाइनसुद्धा मी खेळाडूंना खरे फासे टाकून आकडा सांगायची मुभा देतो. विश्वास नसेल तर अडचण फाशाची नसते.

आता कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची सगळी माहिती आणि आकडे असलेलं पान. नवख्या माणसाचं पहिलं पात्र डी अँड डी बियाँडवर बनवून घ्या. पायऱ्या पायऱ्यांनी विचारत जातं, बेरजा स्वतः करतं. पाथफाइंडरसाठी पाथबिल्डर तसंच. पण इथे एक गोष्ट जपा. डी अँड डी बियाँड ही साइट २०१७ मध्ये सुरू झाली, २०२२ मध्ये डी अँड डीची मालक कंपनी हॅस्ब्रोने ती १४.६ कोटी डॉलरला घेतली. २०२४ मध्ये नवे नियम येताना कंपनीने जाहीर केलं की शीटवरच्या जुन्या मंत्रांच्या आणि जादुई वस्तूंच्या जागी नव्या आवृत्त्या येतील. म्हणजे तुमचं कॅम्पेन, अनेक सेशन चालणारी ती गोष्ट, अर्ध्यावर, आणि तुमच्या पात्राचा मंत्र तुम्हाला न विचारता बदलणार. लोक चिडले, काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. पण तुमची शीट कुणाच्या हातात आहे ते त्या ऑगस्टमध्ये सगळ्यांना दिसलं. त्याच घरातून आलेलं सिजिल हे थ्रीडी टेबल २०२५ च्या फेब्रुवारीत बाहेर पडलं, आणि पुढच्याच महिन्यात त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना कमी केलं गेलं. मोठं नाव मागे आहे म्हणून एखादं टूल टिकेलच, असं धरून चालू नका.

तेव्हा दर लेव्हलला शीटची पीडीएफ काढा. नोंदी शक्यतो साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवा. मी ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲप वापरतो, कारण उद्या ते बंद पडलं तरी फाइली माझ्या डिस्कवर आहेत आणि कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. प्रत्येक पात्राला एक पान, आणि पानाच्या वरच दोन ओळी: याला काय हवंय, आणि हा खेळाडूंशी शेवटचं काय बोलला. तो कर्जबाजारी पहारेकरी ११ सेशननंतर परत आला तेव्हा या दोन ओळींनी मला वाचवलं.

संगीतासाठी टेबलटॉप ऑडिओ. १० मिनिटांचे तुकडे, फुकट. आवाज बोलण्याच्या खाली ठेवा, बास.

लढाई किती अवघड होईल ते सांगणारे कॅल्क्युलेटर आहेत, कोबोल्ड प्लस फाइट क्लब वगैरे. वापरा, पण आधी कुठल्या आवृत्तीचं गणित निवडलंय ते बघा. २०१४ च्या नियमांत शत्रूंची संख्या वाढली की गुणक लागायचा, ३ ते ६ शत्रू असतील तर दुप्पट; २०२४ च्या नियमांत तो गुणक काढून टाकला. तीच लढाई एकीकडे 'मध्यम' दिसेल, दुसरीकडे तिचा अंदाज वेगळाच निघेल. आणि ६ बगबेअर अरुंद बोळात एकामागोमाग उभे आहेत की मोकळ्या मैदानात घेराव घालून, हे दोन्हींपैकी एकालाही कळत नाही.

आता परत गुहेच्या तोंडाशी. माझ्या टेबलावर हल्ली असं चालतं: ट्रॅकरमध्ये ६ बगबेअर आधीच भरलेले, बचावाचे सहाही फासे एका क्लिकवर. ती ओंजळीत फासे खुळखुळवत असतानाच मी ते बटण दाबलेलं असतं. कोण वाचलं, कोण नाही, हे मला ठाऊक असतं, तिला नाही. ती ३१ म्हणते, आणि मी लगेच सांगायला सुरुवात करतो.