चांदीची पळी

नमस्कार मंडळी.

यंदा गणपतीत इथे अमेरिकेत आमच्याकडे पूजेची चांदीची पळी हरवली. सासूबाईंची, दांड्याच्या टोकाला नाग असलेली. त्या दुपारी लेकीच्या तीन मैत्रिणी मोदक खायला आल्या होत्या. दोघी आपल्या, एक काळी. मी लेकीला विचारलं, "तुझी ती मैत्रीण देवाजवळ गेली होती का गं?"

'ती' म्हणजे कुठली, हे लेकीनं विचारलं नाही.

पळी दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या पिशवीत सापडली, ओल्या दुर्वांत अडकलेली. आरतीच्या गडबडीत माझ्याच हातून गेली होती. लेकीनं तेव्हा वाचत असलेली कादंबरी ओट्यावर ठेवली. शाळेतली रहस्यकथा. वर्गातून एक वस्तू नाहीशी होते आणि सगळ्यांच्या नजरा एकुलत्या एका काळ्या मुलीकडे वळतात. "आई, यातल्या बाईपण तुझ्यासारख्याच प्रेमळ आहेत," एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली.

१९६३ साली इथल्याच अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये हक्क मागणाऱ्या काळ्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, कुत्री सोडली. त्या लढ्यातून १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, आणि त्याच वाऱ्यानं १९६५ चा स्थलांतर कायदा आला. त्याआधी इथे स्थायिक व्हायला भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसांचा! मार त्यांनी खाल्ला, दार आपल्यासाठी उघडलं. आणि जोतीरावांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अर्पण केली ती इथल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना; आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून.

आपल्या मुलांना वर्गात कुणी "तू मूळची कुठली?" विचारलं की आपल्याला किती लागतं! आणि आपणच घर घेताना "वस्ती कशी आहे?" विचारतो. मुलांसमोर नको म्हणून आवाज खाली आणून मराठीत बोलतो. मुलांना मराठी येत नाही ही आपली नेहमीची तक्रार, पण हे मराठी त्यांना नीट कळतं हो.

लेकीनं मैत्रिणीला अजून काही सांगितलेलं नाही. "दिवाळीला फराळाला बोलव तिला," मी म्हटलं. "बघते," म्हणाली. आज इथे येताना गाडीत पुन्हा विचारलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.