निवांत: वाऱ्याच्या आडोशाचा शब्द

काय भावांनो, निवांत?

कोल्हापुरात हा प्रश्नही आहे आणि उत्तरही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर दोघं भेटतात. "काय चाललंय?" "निवांत." झालं, खुशाली संपली. घाईत असलेल्याला आपण "निवांत ये रं" म्हणतो. भांडण हातघाईवर आलं की मध्ये पडणारा दोन्ही हात वर करून म्हणतो, "निवांत, निवांत." बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, गाव आळशी दिसतंय. तसं काही नाही. हा शब्द वाऱ्याचा आहे.

(पडद्यावर: नि + वात)

वात म्हणजे वारा. गुडघे धरले की आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो, तोच हा वात. जिथं वारा पोचत नाही ती जागा निवात. गीतेच्या सहाव्या अध्यायातला 19वा श्लोक बघा: "यथा दीपो निवातस्थो". वारा नसलेल्या जागी दिव्याची ज्योत हलत नाही, तसं योग्याचं चित्त. कालिदासानं कुमारसंभवात ध्यानाला बसलेल्या शंकरासाठी हाच दिवा वापरलाय.

मला मात्र त्याच्या रघुवंशातली जागा जास्त आवडते. दिलीप राजाला मुलगा झालाय. राजा बाळाचं तोंड बघतोय, आणि त्याचे डोळे कसे, तर वारा नसताना कमळ असतं तसे स्थिर. बाळंतिणीच्या खोलीत पहिल्यांदा शिरलेला कुठलाही बाप आठवा. पापणी लवत नाही गड्याची!

जाता जाता एक सांगतो. दिव्याची वात ही वेगळी बरं का. ती 'वर्ति' या शब्दावरून आलीय. उच्चार एकच, पण एक पेटते आणि दुसरा विझवतो.

आता खरी मजा. अमरकोशात निवातचे तीन अर्थ दिलेत: आश्रय, वारा नसणं, आणि शस्त्रानं न भेदलं जाणारं चिलखत. महाभारताच्या वनपर्वात अर्जुन ज्या दानवांशी लढतो त्यांचं नावच निवातकवच. आपल्या कट्ट्यावरच्या शब्दाला असा चिलखत घातलेला भाऊबंद आहे, हे मला भारी वाटतं.

आणि आपल्या बोलण्यात तो आश्रयाचा अर्थ अजून जिता आहे, असं माझं मत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43च्या धोका पातळीकडं सरकायला लागतं. चिखलीचा पाहुणा शहरातल्या मेव्हण्याला फोन लावतो. म्हशी कुठं न्यायच्या, म्हातारीला कसं हलवायचं, आवाज चढलेला. पलीकडून काय येतं? "दाजी, निवांत राहा. जनावरं आणा हिकडं. आम्ही हाय की." पाऊस थांबलेला नाही, पाणी उतरलेलं नाही. तरी हा माणूस 'निवांत' म्हणतो, कारण तो आडोसा द्यायला उभा आहे. 'शांत राहा' म्हणाला असता तर दाजींनी फोनवरच त्याची सालटी काढली असती.

शांत हा शब्द 'शम्' धातूचा. त्यात खवळलेलं काहीतरी आधी शमावं लागतं. निवांतला ती अट नाही.

मग 'वा'वर टिंब कुठून आलं? मला वाटतं, एकांताच्या संगतीनं. एकांतात निवांत बसणं ही आपली जुनी जोडी. पण म्हणून नि + वांत अशी फोड करू नका, प्रकरण वांतीवर जाईल.

याची भावकी मोठी आहे. निर्वात पोकळीतला निर्वात. निर्वाणसुद्धा त्याच 'वा' म्हणजे वाहणे या धातूचं. पाणिनीनं यासाठी चक्क वेगळं सूत्र केलंय, "निर्वाणोऽवाते". दिवा विझला तर निर्वाण म्हणा, वारा पडला तर निर्वात. अडीच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, पण बारकावा बघा.

आणि घरातलं 'निवणं' याच कुळातलं. भात निवू दे, दूध निवू दे. आता तांबड्या रश्श्याचं विचाराल, तर तो निवू द्यायचा नसतो. वाटी पुढं आली की ओढायची.