जाळ ओसरल्यावर भाजला जाणारा पाव

मुंबईत भल्या पहाटे सायकलवरून दारोदार पोहोचणारा लादीपाव जेव्हा जुन्या विटांच्या भट्टीत शिरतो, तेव्हा त्या भट्टीत जाळ नसतो. जाळाचे काम तोवर संपलेले असते. लाकडे पेटतात ती विटा तापवण्यासाठी, आणि पाव भाजला जातो तो विटांनी धरून ठेवलेल्या धगीवर. त्यामुळे लाकडाच्या भट्टीवरचा कारागीर खरे तर विस्तवापेक्षा विटांवरच अधिक लक्ष ठेवून असतो.

अशी भट्टी म्हणजे विटांची एक बैठी, घुमटाकार पोकळी. तिला तोंड एकच. त्याच तोंडाच्या खालच्या अंगाने गार हवा आत शिरते आणि वरच्या अंगाने धूर बाहेर पडून धुरांड्याकडे वळतो. धुरांडे गार असेल तर धूर वर ओढला जात नाही, तो खोलीत पसरतो. म्हणून सुरुवातीला मोठी ओंडकी कधीच घालत नाहीत. पातळ ढलप्या एकमेकींवर आडव्या-उभ्या, मधून हवा खेळेल अशा रचून लहानसा पण खणखणीत जाळ करतात, धुरांड्याला ओढ लागू देतात आणि मगच जाड लाकडे आत सरकवतात. घाईने लाकडे कोंबली, तर हवा कमी पडते आणि धूर तेवढा वाढतो.

लाकूड म्हणजे तरी काय, तर तापल्यावर वायू सोडणारा आणि शेवटी कोळसा उरवणारा पदार्थ. डोळ्यांना दिसणारी ज्वाळा असते ती त्या वायूची, आणि हे वायू न जळताच निसटले की त्याला आपण धूर म्हणतो. नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकते, आणि एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. ही उष्णता विटांपर्यंत पोहोचतच नाही. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत वाळलेले सरपणही ओलावा धरते. म्हणून दुसऱ्या दिवशीची लाकडे आदल्या दिवशीच भट्टीच्या उबेला रचून ठेवलेली बरी. बाभळीसारख्या जड लाकडाचा निखारा बराच वेळ टिकतो, तर हलके लाकूड भसकन पेटते आणि तितक्याच लवकर संपते. पाडलेल्या इमारतींची दारे-खिडक्या, प्लायवूड आणि रंगवलेल्या फळ्या स्वस्त पडतात खऱ्या, परंतु त्यांतील रंग, व्हार्निश आणि डिंक जळून निघणारा धूर विषारी असतो. असे सरपण अन्नाच्या भट्टीत जाताच कामा नये.

भट्टी तापली की नाही, हे छत सांगते. जाळ सुरू होताच घुमटाच्या विटा काजळीने काळ्या पडतात. विटा पुरेशा तापल्या की तीच काजळी जळून जाते आणि विटा पुन्हा उजळ दिसू लागतात. मग निखारे लांब दांड्याच्या फावड्याने कडेला ओढले जातात, तळावरची राख ओल्या फडक्याने पुसली जाते आणि त्या ओलाव्याची जी वाफ उठते, ती ब्रून पावाच्या कडक कवचाला उपकारकच ठरते. तळावर चिमूटभर मैदा टाकून पाहतात. तो लगेच काळा पडला तर थांबायचे. काही क्षणांत तांबूस झाला तर पाव आत सोडायचे.

येथून पुढे धग फक्त उतरतच जाते, आणि या भट्टीची सारी काटकसर त्या उतरणीतच आहे. आधी कडक आचेचे पाव, मग नानकटाई व बिस्किटे, आणि अखेरीस मंद उबेवर तासन्‌तास सुकणारे टोस्ट. एकाच जाळावर इतके सारे निघते. मात्र निखारे धुमसत असताना हवा कोंडून ठेवणे धोक्याचे असते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि अनेक बेकऱ्यांत कारागीर भट्टीच्या शेजारीच झोपतात.

धूर शेजाऱ्यांच्या घरातही जातो, हेही मान्य करायला हवे. शहराच्या बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांच्या आत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. गॅसच्या ओव्हनमध्ये तापमान काट्यावर वाचता येते, राख उपसावी लागत नाही आणि ओल्या सरपणाची चिंता उरत नाही. पण पातळ पत्र्याच्या ओव्हनची धग बर्नर बंद होताच झपाट्याने उतरते. जाड विटांच्या भट्टीत टोस्ट जवळजवळ फुकटात सुकत असे. आता त्यासाठी निराळा गॅस जाळावा लागतो, आणि टोस्टचा भाव ठरवताना बेकरीवाल्याला तो खर्च धरावा लागतो.