देवदूताचं बोट कुठे वळतं

(दृश्य : पियाझ्झा देल पोपोलो, पहाट. रिकामा चौक.)

रोम अजून पुरतं जागं झालेलं नाही. जुन्या वेशीला लागून हे सांता मारिया देल पोपोलो चर्च. डॅन ब्राऊन यांच्या 'एंजल्स अँड डेमन्स' या कादंबरीतल्या चार ठिकाणांपैकी पहिलं. पृथ्वी, वायू, अग्नी, जल. प्रत्येक तत्त्वासाठी सतराव्या शतकातला शिल्पकार बर्निनी याची एक कलाकृती आणि तिच्यात इल्युमिनाटी या गुप्त संघटनेची दडवलेली खूण. कादंबरी 2000 सालची. हे संगमरवर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचं.

(दृश्य : किजी प्रार्थनाकक्ष. भिंतीतली पिरॅमिडसारखी समाधी.)

अगोस्तिनो किजी हा पोपना कर्ज देणारा सावकार. त्याच्या घराण्याच्या या कक्षाचा आराखडा चित्रकार राफाएलने केला. 1520 च्या एप्रिलमध्ये राफाएल गेला, मागोमाग काही दिवसांत किजीही. काम रेंगाळलं ते शंभराहून जास्त वर्षं. मग त्याच घराण्यातल्या फाबियो किजीने बर्निनीला बोलावलं. हाच फाबियो 1655 साली पोप सातवा अलेक्झांडर झाला.

(दृश्य : फरशी, अगदी जवळून.)

पायाखाली पाहा. रंगीत दगडांचे तुकडे बसवून केलेला, पंख असलेला सांगाडा. त्याने किजी घराण्याचं चिन्ह उचलून धरलंय. खाली तीन लॅटिन शब्द : मोर्स आद चेलोस. मृत्यूतून स्वर्गाकडे. यातली चार अक्षरं मुद्दाम मोठी कोरली आहेत : एम, डी, सी, एल. रोमन आकड्यांत एक हजार, पाचशे, शंभर, पन्नास. बेरीज 1650, म्हणजे रोमचं पवित्र वर्ष, यात्रेकरूंचं खास वर्ष. ही खरी सांकेतिक लिपी, आणि ती लपवलेलीही नाही. तिच्यावर बूट ठेवून माणसं वर बघत उभी असतात.

(दृश्य : हबक्कूक आणि देवदूत. मग कॅमेरा सावकाश तिरका फिरतो.)

या देवदूताचं बोट बघा. कादंबरीत ते पुढच्या ठिकाणाची वाट दाखवतं. पण बायबलमधली मूळ कथा अशी : संदेष्टा हबक्कूक शेतातल्या मजुरांसाठी जेवण घेऊन निघालाय. देवदूत त्याचे केस धरतो आणि सांगतो, हे जेवण तिकडे ने. तिकडे म्हणजे बाबिलोनला, सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलकडे. आता बोटाच्या रेषेत नजर सरकवा. समोरच्या कोपऱ्यात दानिएल, हात जोडलेला, पायाशी सिंह. बर्निनीने एका कथेची दोन टोकं दोन कोनाड्यांत बसवली आणि मधली हवा मोकळी सोडली. आपण उभे आहोत ते त्या कथेच्या मधोमध. शोध घ्यायला चर्चबाहेर जावंच लागत नाही.

(दृश्य : सेंट पीटर्स चौक. फरसबंदीतला लंबगोल दगड.)

दुसरं ठिकाण, वायू. गाल फुगवून फुंकर घालणारा हा चेहरा म्हणजे पश्चिमेचा वारा, पोनेंते. कादंबरीने तो बर्निनीच्या नावावर केला, पण हा दगड एकोणिसाव्या शतकातला. बर्निनीचं काम बघायचं तर थोडं बाजूला, या गोल चकतीवर उभं राहा.

(दृश्य : चकतीवरून स्तंभांची रांग. चालत बाजूला, पुन्हा चकतीवर.)

खांब 284, चारांच्या ओळीत. इथून मागचे तिन्ही पुढच्याच्या आड जातात. एक पाऊल सरका, पुन्हा चार.

(दृश्य : सांता मारिया देल्ला वित्तोरिया. संत तेरेसा.)

अग्नी. ही सोळाव्या शतकातली स्पेनची संत तेरेसा. तिने स्वतःच लिहून ठेवलंय : देवदूताच्या हातातल्या सोन्याच्या बाणाच्या टोकाला आग होती. वरून उतरणारा हा उजेड आमच्या दिव्यांचा नाही. शिल्पाच्या माथ्यावर बर्निनीने एक खिडकी लपवली आहे.

(दृश्य : पियाझ्झा नवोना. चार नद्यांचं कारंजं.)

आणि जल. डॅन्यूब, नाईल, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. 1651 साली हे कारंजं पुरं झालं, पोप दहावा इनोसंट याच्यासाठी. नाईलने डोकं वस्त्राने झाकलंय, कारण तिचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. पैसा उभा राहिला तो करांतून, आणि लोक म्हणाले, आम्हाला भाकरी हवी.

(दृश्य : गंगा. आधी पाठ, मग हात, मग वल्हं.)

वेरूळच्या कैलास लेण्यात आपण गंगा पाहतो ती मकरावर उभी असलेली देवी. इथे ती दाढीवाला पुरुष आहे, कारण रोमची परंपरा नद्यांना पुरुषरूपात घडवते. हातात लांब वल्हं : या नदीतून दूरवर नावा चालतात, एवढं रोमला ऐकून माहीत होतं. दगडाला छिन्नी लावली क्लोद पुसँने, आराखडा बर्निनीचा. दोघांपैकी कोणीही गंगा पाहिलेली नव्हती.

कादंबरीतली ती गुप्त संघटना, इल्युमिनाटी, बव्हेरियात 1776 साली स्थापन झाली. बर्निनी 1680 मध्येच वारला होता.

(दृश्य : वल्ह्यावरून ओघळणारं पाणी. निवेदन नाही. पाण्याचा आवाज तसाच राहू द्यावा.)