तुमचे मेल राहतात कुठं?

(सांगलीत व्यापारी, निर्यातदार आणि करसल्लागार मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या पेढ्यांवर, कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत, करसल्लागारांच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. मेलची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमचे मेल आहेत कुठं? बहुतेक जण स्क्रीनकडं बोट दाखवतात. निम्म्या तक्रारी तिथूनच जन्माला येतात.

आज मी थंडरबर्ड या मेल बघायच्या प्रोग्रॅमवर बोलणार आहे, कारण ते फुकट आहे आणि इथल्या पुष्कळ पेढ्यांवर तेच चालतं. मोझिलानं त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये काढली. कॅलेंडर तेव्हा त्यात नव्हतं. 'लाइटनिंग' नावाचं वेगळं ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकावं लागायचं, ते २०१५ च्या ३८ व्या आवृत्तीपासून आत आलं. आउटलुकवाल्यांनी उठून जायची गरज नाही. तुमच्याकडं फायलींची नावं वेगळी, दुखणी तीच.

तर मेल कुठं असतात? तुम्ही खातं पॉप पद्धतीनं जोडलं असेल, तर मेल सर्व्हरवरून उतरून तुमच्या डिस्कवर येतात, आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही ते तुमच्या सेटिंगवर. आयमॅपनं जोडलं असेल, तर मूळ मेल सर्व्हरवर आणि तुमच्याकडं त्याचं प्रतिबिंब. पेढीवर दिवाणजींचा कॉम्प्युटर पॉपवर आणि मालकांचा मोबाइल आयमॅपवर असला, की "मला आलेला मेल मोबाइलवर दिसत नाही" ही तक्रार रोजची. दिवाणजींच्या मशीननं तो उतरवून सर्व्हरवरून काढून टाकलेला असतो. एकापेक्षा जास्त ठिकाणी मेल बघायचे असतील तर आयमॅप घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा, आयमॅपमध्ये एका ठिकाणी खोडलं की सगळीकडनं जातं.

पण दोन्ही पद्धतींत तुमच्या डिस्कवर एक फोल्डर तयार होतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. खाती, पासवर्ड, फिल्टर, कॅलेंडर, पॉपचे सगळे मेल, सगळं त्यात. हेल्प मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथं 'प्रोफाइल फोल्डर' अशी ओळ आणि शेजारी 'ओपन फोल्डर'चं बटण आहे. आज घरी गेल्यावर एकदा ते दाबून बघा. काही बदलू नका, नुसतं बघा.

त्या फोल्डरात 'मेल' नावाच्या कप्प्यात इनबॉक्स नावाची एक फाइल दिसेल. तिला पुढं एक्स्टेन्शन नाही. तुमचे इनबॉक्समधले सगळे मेल त्या एका फायलीत एकाखाली एक लिहिलेले असतात. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. शेजारी तेच नाव आणि डॉट एमएसएफ लावलेली छोटी फाइल असते, ती अनुक्रमणिका. जुन्या दिवाणजींची खतावणी आठवा. चुकलेली नोंद ते फाडत नसत, तिच्यावर आडवी रेघ मारत. थंडरबर्डही मेल खोडताना तेच करतं. मेल दिसेनासा होतो, पण इनबॉक्सच्या फायलीत तो तसाच पडून असतो. म्हणून 'एवढे मेल खोडले तरी जागा मोकळी होत नाही' असं होतं. जागा मोकळी होते ती फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' केल्यावर. त्या वेळी रेघ मारलेल्या नोंदी वगळून सगळी फाइल नव्यानं लिहिली जाते आणि जुनी काढून टाकली जाते.

ती नव्यानं लिहिली जाते, म्हणजे तेवढा वेळ डिस्कवर दोन्ही फायली मावतील इतकी जागा लागते. आणि मध्येच लाइट गेली तर? आपल्याकडं हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. यूपीएस नसलेल्या मशीनवर मोठा इनबॉक्स कॉम्पॅक्ट करायला घेऊ नका. फोल्डरांच्या यादीत 'एनएसटीएमपी' अशी विचित्र नावं दिसली तर समजा की असं एखादं कॉम्पॅक्ट अर्ध्यावर मोडलं आहे.

आता दुसरं दुखणं. यादीत विषय एक दिसतो आणि उघडलं की भलताच मेल. किंवा मेल आल्याचं कळतं, पण यादी रिकामी. इथं मेलना काही झालेलं नसतं, अनुक्रमणिका बिघडलेली असते. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'रिपेअर फोल्डर'. थंडरबर्ड जुनी अनुक्रमणिका टाकून नवी बनवतं. आयमॅप असेल तर यादी सर्व्हरवरून परत आणतं, त्याला वेळ लागतो, तेवढा लागू द्या.

इनबॉक्समध्ये वीस वर्षांचे मेल ठेवायची सवय मात्र सोडा. वर्षवार फोल्डर करा. कारण ॲन्टिव्हायरसला एखाद्या मेलमध्ये विषाणू सापडला, तर त्याच्या लेखी ती अख्खी इनबॉक्स फाइलच दोषी ठरते आणि तो तिला उचलून कोठडीत टाकू शकतो. सकाळी पेढी उघडावी आणि इनबॉक्स कोरा! ॲन्टिव्हायरसच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल फोल्डर अपवादात टाका. अटॅचमेंट उघडताना तपासणी होतेच.

मेल येतात पण जात नाहीत, हे तिसरं. येण्याचा सर्व्हर वेगळा आणि जाण्याचा वेगळा, आणि दोघांचे पासवर्ड थंडरबर्ड वेगवेगळे जपून ठेवतं. तुम्ही ब्राउझरमध्ये पासवर्ड बदलता, थंडरबर्ड नवा मागतं, तुम्ही टाइप करता, मेल यायला लागतात. जाणाऱ्या सर्व्हरकडं जुनाच राहतो. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'सेव्ह्ड पासवर्ड्स' उघडा, त्या खात्याच्या दोन्ही नोंदी काढा, आणि नव्यानं टाका. जीमेलवाल्यांचं थोडं निराळं. गुगलनं २०२२ च्या मे महिनाअखेर साध्या पासवर्डनं बाहेरचे प्रोग्रॅम जोडणं बंद केलं. तेव्हापासून खात्याच्या सेटिंगमध्ये 'ओऑथ-टू' निवडावं लागतं, मग गुगलची स्वतःची खिडकी उघडते. ती खिडकी उघडून कोरीच राहत असेल, तर थंडरबर्डमध्ये कुकीज बंद केल्यात का बघा. हे कारण सहसा कुणाला सुचत नाही.

पासवर्डांच्या त्याच पानावर 'शो पासवर्ड्स' असं बटण आहे. तुमच्या खुर्चीत बसलेला कुणीही ते दाबू शकतो. म्हणून 'प्रायमरी पासवर्ड', म्हणजे साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप, लावा. करसल्लागारांनी तर लावलाच पाहिजे.

दिसण्याबद्दल फार बोलत नाही, कारण ती ज्याची त्याची आवड. २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत सगळा चेहरा बदलला आणि मला फोनवर फोन आले. मेलच्या ओळी जाऊन पत्त्यांसारखे चौकोन आलेले नको असतील, तर यादीच्या वर उजवीकडच्या बटणात 'टेबल व्ह्यू' निवडा. अक्षर बारीक वाटत असेल तर मुख्य मेनूत 'फॉन्ट साइज' आणि 'डेन्सिटी' आहेत. फोल्डरांच्या वरच्या तीन ठिपक्यांत फोल्डरचा आकार दाखवायची सोय आहे, ती मात्र लावाच. कुठला फोल्डर फुगलाय ते एका नजरेत कळतं. काही हौशी पोरं 'यूजरक्रोम' नावाची फाइल लिहून सगळं रंगरूप पालटतात. करा, पण मोठ्या अपडेटला ते मोडतं आणि मग मला बोलावू नका. अपडेटनंतर काहीही विचित्र वागायला लागलं की शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड सुरू करा. 'ट्रबलशूट मोड' येईल. त्यात सगळं सुरळीत चाललं तर दोष ॲड-ऑनचा किंवा असल्या कारागिरीचा.

मराठी मेलची गंमत सांगतो. अक्षरांचा खिचडा होतो तेव्हा दोन वेगळे आजार असतात, आणि लोक दोघांना एकच औषध लावतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' ओळीत ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर आनंद माना. तो मजकूर शुद्ध युनिकोड मराठी आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच. तोच बाइट जुन्या पाश्चात्त्य लिपीसंचात त्या तिरक्या रेघेच्या 'ए'सारखा दिसतो. 'व्ह्यू' मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबा, बहुतेक वेळा मराठी परत उभी राहते. पण रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं असा अगम्य मजकूर असेल, तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांच्या काळातला. त्यात मराठी नाहीच, रोमन अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला आहे. एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग नाही. तो मजकूर कन्व्हर्टरमधूनच काढावा लागतो.

आता कॅलेंडर, आणि यात इथल्या द्राक्ष निर्यातदारांसाठी एक खास खड्डा आहे. समजा रॉटरडॅमच्या ग्राहकाबरोबर दर मंगळवारी तिथल्या दुपारी २ वाजता बोलायचं ठरलं. जानेवारीत आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. तुम्ही कॅलेंडरात दर मंगळवार, साडेसहा, अशी पुनरावृत्ती टाकता. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोप घड्याळं तासभर पुढं करतो. त्यानंतरच्या मंगळवारी तिथले २ म्हणजे आपले साडेपाच. ऐन हंगामात, कंटेनर समुद्रात असताना, तुम्ही एक तास उशिरा हजर होता आणि ग्राहक म्हणतो, हे लोक वेळ पाळत नाहीत. उपाय सोपा आहे. नोंद उघडल्यावर 'ऑप्शन्स'मध्ये 'टाइमझोन' चालू करा आणि त्या नोंदीला 'युरोप/ॲमस्टरडॅम' लावून वेळ दुपारी २ टाका. तुमच्या पडद्यावर ती हिवाळ्यात साडेसहाला आणि उन्हाळ्यात साडेपाचला आपोआप दिसेल. दुबईवाल्यांना हा त्रास नाही, तिथं घड्याळ हलवत नाहीत, बारा महिने आपल्यापेक्षा दीड तास मागं. तुमचं स्वतःचं कॅलेंडर 'आशिया/कोलकाता'वर आहे ना, तेवढं सेटिंगमध्ये बघा. विंडोजची टाइमझोन चुकली असेल तर सगळ्याच नोंदी सरकतात, आणि लोक थंडरबर्डला शिव्या घालतात.

करसल्लागारांच्या तारखा पुनरावृत्तीला अगदी सोयीच्या. टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायची तारीख ७, जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-१ ची ११, ३बी ची २०. पण मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा असतो. एप्रिलची नोंद उघडली की थंडरबर्ड विचारतं, एवढीच बदलू की सगळी मालिका? घाईत 'सगळी' दाबलं की वर्षभराच्या ७ तारखा ३० वर जातात. तिथं जरा थांबा. बँकेच्या शनिवारच्या सुट्ट्यांसाठी, म्हणजे १ सप्टेंबर २०१५ पासून लागू झालेल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारसाठी, 'कस्टम'मध्ये दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात. एका नोंदीत दोन्ही बसत नाहीत.

आठवण वाजली नाही, अशीही तक्रार येते. थंडरबर्ड बंद असेल तर वाजणार कोण? पुन्हा उघडल्यावर चुकलेल्या आठवणी ते दाखवतं, पण तोपर्यंत ३बी ची तारीख गेलेली असू शकते. मोबाइलवरही आठवण हवी असेल तर कॅलेंडर फक्त या कॉम्प्युटरवर ठेवू नका, कॅलडॅव्ह या कॅलेंडर जुळवायच्या पद्धतीनं सर्व्हरवरचं जोडा.

बॅकअपचं महत्त्व मी सांगलीकरांना काय सांगणार! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोका पातळी कधीच मागं पडली आणि पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. तळमजल्यावरच्या सीपीयूच्या शेजारी ठेवलेला बॅकअपचा हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. थंडरबर्ड पूर्ण बंद करा, प्रोफाइल फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा, एक प्रत वरच्या मजल्यावर आणि एक गावाबाहेर, पुण्याच्या पोराकडं म्हणा. पेनड्राइव्ह वापरणार असाल तर त्याचा फॉरमॅट 'फॅट-३२' नसावा. त्यात ४ जीबीच्या वरची एकही फाइल बसत नाही, आणि तुमचा इनबॉक्स नेमका तेवढा असतो. 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' करून घ्या.

मागून प्रश्न आलाय, नवा कॉम्प्युटर घेतला तर हे सगळं कसं न्यायचं? आधी नव्या मशीनवर थंडरबर्ड टाका, आणि ते जुन्या मशीनपेक्षा जुन्या आवृत्तीचं नसेल हे बघा. मग थंडरबर्डमधल्या 'अबाउट प्रोफाइल्स' या प्रोफाइलांच्या यादीच्या पानावर नवं प्रोफाइल तयार करा, थंडरबर्ड बंद करून जुन्या फोल्डरातला सगळा मजकूर त्यात ओता, आणि त्यालाच 'डिफॉल्ट' करा. आवृत्ती मागची असेल तर थंडरबर्ड ते प्रोफाइल उघडायला नकार देतं आणि नवं कोरं तयार करू का विचारतं. घाबरून 'हो' दाबलंत तर सगळं रिकामं दिसेल, पण जुना फोल्डर जागेवरच असतो. थंडरबर्ड अपडेट करा, त्याच पानावर जाऊन जुन्या प्रोफाइलला पुन्हा 'डिफॉल्ट' करा, आणि प्रोग्रॅम बंद करून परत उघडा.