वर्षावनाचे जळण

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात नाशिकच्या रस्त्यांवर फुलणारा गुलमोहर आणि आपल्या अंगणातील कुंडीत बारा महिने फुललेली सदाफुली, ही दोन्ही झाडे मूळची मादागास्करची. बंगल्यांच्या फाटकाशी हौसेने लावतात तो ट्रॅव्हलर्स पामही तिकडचाच. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात असलेल्या या बेटाच्या ईशान्य भागात मसोआला नावाचे द्वीपकल्प आहे, आणि तेथील वर्षावनासारखेच एक वर्षावन स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या प्राणिसंग्रहालयात एका छपराखाली वाढवलेले आहे. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त झुरिकला राहतात. त्यांच्याकडे आम्ही उभयता, आमची दोन मुले आणि माझ्या सासूबाई असे हिवाळ्यात गेलो होतो, तेव्हा हे जंगल पाहण्याचा योग आला. त्याविषयी आज बोलणार आहे.

प्रथम थोडी माहिती. मसोआला वर्षावन दालन जून 2003 मध्ये खुले झाले. त्याचे क्षेत्रफळ 11,000 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे पावणेतीन एकर, आणि छपराची उंची 30 मीटर आहे. आपल्याकडे दिंडोरी, मोहाडीकडे गुलाबाची पॉलिहाऊस ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दालन समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. तसेच पण अवाढव्य पॉलिहाऊस डोळ्यांसमोर आणावे. फरक एवढाच, की त्याचे छप्पर ईटीएफई नावाच्या पारदर्शक फिल्मच्या, हवा भरून फुगवलेल्या उशांचे आहे. ही फिल्म काचेपेक्षा कितीतरी हलकी असते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण तिच्यातून आत येऊ शकतात. सरड्यांच्या जातीच्या प्राण्यांना त्या किरणांची गरज असते. छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठवतात आणि तेच झाडांना देतात. छपराचे पाणी झाडांना, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. आपल्याकडे मात्र इमारतीच्या गच्चीवरील पाणी थेट गटारात जाते आणि त्याच इमारतीत उन्हाळ्यात टँकर येतो, हे मी इथे बोलू नये म्हणतात, तरी बोलते.

दालनात पिंजरे नाहीत. लेमूर म्हणजे मादागास्करचे माकडासारखे प्राणी, फळे खाणारी वटवाघळे, पक्षी आणि रंग बदलणारे सरडे मोकळे फिरतात आणि माणसाने आखलेल्या वाटेवरूनच चालायचे असते. त्यामुळे प्राणी दिसतीलच याची खात्री कोणी देत नाही.

आता मला जी हकीकत सांगायची आहे, तिच्याकडे वळते. बाहेर बर्फ पडून गेला होता. सासूबाईंच्या अंगावर नऊवारी, तिच्यावर दिरांचा जाड कोट, डोक्याला कानटोपी आणि वर शाल असा सरंजाम होता. दालनाचे दुहेरी दार ओलांडताच दमट, उबदार हवा अंगावर आली आणि त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. त्या जागीच उभ्या राहिल्या. "श्रावणात त्र्यंबकला आल्यासारखं वाटतंय गं," असे म्हणून त्यांनी कोट, टोपी आणि शाल एकेक करून माझ्या हातात दिली आणि वाटेच्या कडेच्या बाकावर बसकण मारली. मुले एव्हाना पुढे पळाली होती. लेमूर कुठे, सरडा कुठे, असे विचारत त्यांनी वडिलांना आणि काकाला सगळ्या दालनात पळवले, उंच झाडांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या पुलावरही चढवले, आणि अर्ध्या तासाने दोघेही रडकुंडीला येऊन परतले, कारण एका कासवाखेरीज त्यांना काही दिसले नव्हते.

इकडे सासूबाईंचे लक्ष प्राण्यांवर नव्हतेच. त्यांचे बालपण त्र्यंबक तालुक्यातील एका पाड्याजवळ गेले. डोक्यावरून मोळी आणणे, पावसाळ्याआधी जळण रचून ठेवणे, सणावाराला घरातल्या वीस माणसांच्या आंघोळीसाठी बंब पेटता ठेवणे, हे सारे त्यांनी केलेले आहे. अशा बाईला पावणेतीन एकर जागा भर हिवाळ्यात उबदार ठेवलेली दिसल्यावर जो प्रश्न पडायला हवा, तोच त्यांना पडला. दालनात माहिती सांगणाऱ्या एक वयस्क स्वयंसेविका होत्या. त्यांच्याकडे बोट करून सासूबाई मला म्हणाल्या, "त्यांना विचार, एवढं तापवायला जळण काय वापरता?"

मी संकोचत इंग्रजीतून विचारले. त्या बाईंचा चेहरा खुलला. बहुतेक लोक लेमूर कुठे आहे एवढेच विचारतात, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितले की दिवसा सूर्याची उष्णता मिळते आणि प्राणिसंग्रहालयाच्या उष्णतेसाठी लाकडाचे ढलपे जाळणारी भट्टी आहे. मी हे मराठीत सांगितले मात्र, सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"म्हणजे जंगल वाचवायला जंगल जाळतात?"

श्रोतेहो, हा प्रश्न भाषांतर करून विचारावा की गिळून टाकावा, असा पेच मला पडला. पाहुण्या देशात येऊन एवढे रोखठोक बोलणे बरे दिसेल का, असे वाटले. पण सासूबाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, तेव्हा विचारणे भाग पडले. स्वयंसेविका हसल्या आणि त्याच बाकावर येऊन बसल्या. मग त्यांनी जे सांगितले ते मी आपल्याला सावकाश सांगते, कारण ते महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये डोंगर उघडे पडले, पूर आले, दरडी कोसळल्या. तेव्हा 1876 साली तिथे डोंगराळ भागासाठी वनकायदा झाला आणि 1902 मध्ये तो साऱ्या देशाला लागू झाला. जंगलाखालची जमीन कमी होऊ द्यायची नाही, आणि जेवढे लाकूड वाढेल त्याहून जास्त काढायचे नाही, हे त्या कायद्याचे सार. पुन्हा सांगते, वाढेल त्याहून जास्त काढायचे नाही. आज त्या देशाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग जंगलाखाली आहे, आणि विरळणी करताना निघणारे, फर्निचरच्या कामाला न येणारे लाकूड ढलपे करून भट्टीत घालतात.

सासूबाईंना हे पटले. वाळलेले आणि वाकडे तेवढेच तोडावे, हा नियम त्यांच्या आईनेही त्यांना शिकवला होता. पण त्या तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. "मग इथं थंडीत एवढा खटाटोप करण्यापेक्षा तिकडच्या जंगलालाच पैसे पाठवा की," त्या म्हणाल्या. हेही मी विचारले. आता मला संकोच उरला नव्हता. उलट गंमत वाटू लागली होती. स्वयंसेविका म्हणाल्या की पैसे पाठवतोच, आणि त्या पुढे काही सांगणार एवढ्यात आमच्या डोक्यावरच्या फांदीतून असा काही कर्कश आरडाओरडा झाला की मी दचकून उभी राहिले. काळ्या तोंडाचा, तांबूस अंगाचा, भरघोस शेपटीचा रेड रफ्ड लेमूर वर बसला होता. त्याने हाक देताच पलीकडच्या झाडांतून दुसऱ्याने तशीच ओरडून साथ दिली. मुले धावत आली. दालनातले अर्धे लोक आमच्या बाकाभोवती जमले आणि मोबाइल वर धरून उभे राहिले. सासूबाईंनी चष्मा पदराने पुसला, वर पाहिले आणि म्हणाल्या, "याला माझं बोलणं आवडलेलं दिसत नाही." हे वाक्य मी भाषांतर करून सांगितल्यावर त्या स्वयंसेविकांना हसू आवरेना, आणि निघताना त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात हातात घेतले.

राहिलेली माहिती आता थोडक्यात सांगते. हा तांबडा लेमूर निसर्गात मसोआला द्वीपकल्प आणि त्याच्या आसपासच आढळतो आणि तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. मसोआला राष्ट्रीय उद्यान 1997 मध्ये स्थापन झाले. भातासाठी डोंगरउतारावरचे जंगल तोडून जाळणे ही तिथली जुनी पद्धत आहे. आणि 2009 च्या राजकीय अस्थिरतेनंतर रोजवूड या मौल्यवान लाकडाच्या झाडांची चोरटी तोड एवढी वाढली की, युनेस्कोने 2007 मध्ये जागतिक वारसा म्हणून निवडलेली पूर्व मादागास्करची ही वर्षावने 2010 मध्ये धोक्यातील वारशाच्या यादीत टाकावी लागली. 2025 मध्ये ती त्या यादीतून बाहेर आली. झुरिकच्या दालनाच्या उपाहारगृहात आणि दुकानात होणाऱ्या विक्रीचा काही हिस्सा मसोआलाच्या उद्यानाकडे जातो, म्हणजे आमच्या मुलांनी खाल्लेल्या महागड्या आइस्क्रीममधलेही थोडे तिकडे गेले असावे.

थंड देशात उष्ण जंगल राखणे ही चैन आहेच, असे माझे मत आहे. तरी तिथे जळण कोठून येते, पाणी कोठून येते आणि पैसा कोठे जातो, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळाले. मुंबईच्या राणीच्या बागेत 2017 पासून हम्बोल्ट पेंग्विन पाहायला मिळतात आणि मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी गारवा विजेवर राखावा लागतो. तिथे रांगेत उभ्या असलेल्या पालकांनी विजेचा हिशेब विचारलेला मी तरी ऐकला नाही. मीही विचारला नसता, कारण तेव्हा सासूबाई बरोबर नव्हत्या.

झुरिकला जाणे प्रत्येकाला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे छप्पर नाही, भट्टी नाही आणि हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ही मंडळी स्वतःच्या पंखांनी येतात. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. पहाटे निघून ऊन चढण्याआधी पोहोचावे, मुलांना भडक रंगाचे कपडे घालू नयेत, आणि आजी-आजोबांना घरी ठेवून जाऊ नये. त्यांच्यासाठी एक घडीची खुर्ची मात्र आठवणीने गाडीत टाकावी.

नमस्कार.