सुरुवात आईवडिलांपासून

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतल्या मायामी शहरात क्युबा, कोलंबिया, व्हेनेझुएला, निकाराग्वा अशा देशांतून आलेली असंख्य स्पॅनिश बोलणारी कुटुंबं राहतात. तिकडे त्यांना हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणतात. अशा घरातला पंधरा वर्षांचा मुलगा समलिंगी असेल, मुलगी उभयलिंगी असेल, म्हणजे तिला मुलगे आणि मुली दोघांचंही आकर्षण वाटत असेल, तर त्यांचं मन सावरायला घरच्यांना कसं हाताशी धरायचं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

घरच्यांनाच का, याला आकड्यांचा आधार आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २१ ते २५ वयाच्या २२४ गोऱ्या आणि लॅटिनो समलिंगी-उभयलिंगी तरुणांना त्यांनी विचारलं, की किशोरवयात घरचे तुमच्याशी कसे वागले? ज्यांना घरातून फार झिडकारलं गेलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याचं प्रमाण, फारसं झिडकारलं न गेलेल्यांच्या ८.४ पट निघालं आणि तीव्र नैराश्याचं ५.९ पट. सर्वांत जास्त झिडकारणं लॅटिनो मुलग्यांच्या वाट्याला आलं होतं.

झिडकारणं म्हणजे फक्त मारहाण किंवा घराबाहेर काढणं नव्हे. मित्रांशी बोलणं तोडायला लावणं, समारंभाला न नेणं, ‘हे बाहेर कुणाला कळता कामा नये’ असं बजावणं, हेही त्यातच येतं. असं वागणाऱ्या बऱ्याच आईबापांना मनापासून वाटत असतं, की आपण पोराला वाचवतोय. म्हणूनच त्यांना खलनायक ठरवून काहीच हाती लागत नाही.

मायामी विद्यापीठात ‘फमिलियास उनिदास’ नावाचा कार्यक्रम हिस्पॅनिक किशोरांच्या कुटुंबांसाठी बराच आधी तयार झाला. मुलं शाळेत भराभर इंग्रजी आणि अमेरिकी रीत उचलतात, आईबाप मागे राहतात आणि त्या फटीत बोलणं खुंटतं, हे त्यामागचं निरीक्षण. त्याच्या प्रचलित आराखड्यात पालकांच्या गटाच्या आठ बैठका असतात, आणि पालक व मूल एकत्र बसतील अशा चार भेटी. पुढे त्याच पायावर समलिंगी-उभयलिंगी मुलांच्या घरांसाठी ‘फमिलियास कॉन ऑर्गुयो’ हा कार्यक्रम बांधला गेला.

आठाला चार, हे प्रमाण लक्षात घ्या. निम्म्याहून जास्त वेळ पालकांचा. त्यांचा धक्का, चर्चची भीती, ‘लोक काय म्हणतील’ हा घोर, नातवंडांची मोडलेली स्वप्नं, हे सगळं मुलासमोर बाहेर पडलं तर तो घाव भरायला वेळ लागतो. ते आधी गटात ओकून टाकू द्यावं. दुसरी आई तेच बोलताना ऐकली, की तज्ज्ञाच्या भाषणापेक्षा लवकर उतार पडतो.

बैठकीत व्याख्यान नको, सराव हवा. एक पालक मुलगी होतो, दुसरी आई. मुलगी सांगते, आई पटकन म्हणते, ‘अगं, या वयात असं वाटतं, जाईल.’ तिथेच थांबवायचं. पुन्हा करायला सांगायचं. यावेळी आधी मुलीचं वाक्य तसंच परत म्हणायचं आणि मग एकच प्रश्न: ‘हे किती दिवस एकटीनं सोसलंस?’ तीन-चार वेळा केल्यावर जीभ वळते. मत बदलायला वर्षं लागतील, पण टोमणा आजपासून बंद करता येतो.

आता चुका कुठे होतात? सर्वांत घातक चूक पहिल्याच पायरीवर होते: मुलानं घरी सांगितलेलंच नसतं आणि कार्यक्रमाचा विषय छापलेलं निमंत्रणाचं पत्र घरी पोचतं. आधी मुलाला एकट्याला विचारा, घरी कुणाला ठाऊक आहे, मार बसण्याची किंवा घराबाहेर काढण्याची भीती आहे का. त्याचा होकार नसेल तर पालकांना बोलावूच नका. दुसरी चूक दुभाष्याची. पालकांना इंग्रजी येत नाही म्हणून दवाखान्यात मुलंच भाषांतर करतात. इथे मात्र स्वतःचीच गोष्ट आईला भाषांतर करून सांगायची पाळी मुलावर येते. कार्यक्रम स्पॅनिशमध्येच हवा. तिसरी अडचण वडिलांची. दोन पाळ्यांत राबणारा माणूस दुपारी चारला कसा येणार? बैठक संध्याकाळी ठेवा, लहान भावंडांना सांभाळायला कुणीतरी ठेवा. आणि ‘मुलगा बदलून देतो’ म्हणणाऱ्या उपचारांच्या वाटेला पालक जाणार नाहीत, हे पहिल्या बैठकीतच स्पष्ट व्हावं. अशा उपचारांनी मुलाचा लैंगिक कल बदलत नाही, नैराश्य मात्र वाढतं.

मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर पुढच्या बैठकीची वाट पाहू नये. अमेरिकेत ९८८ क्रमांक आहे, स्पॅनिशसाठी २ दाबायचं. आपल्याकडे टेलि-मानस, १४४१६.

कार्यक्रम संपल्यावरची खरी कसोटी २४ डिसेंबरची, नाताळच्या आदल्या रात्रीची. त्या रात्री आजी, काका, चुलत भावंडं सगळी एका टेबलाशी येतात. कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे मुलानं आधी ठरवावं आणि आईवडिलांनी ते मोडू नये. काकानं घाणेरडा विनोद केलाच, तर उत्तर वडिलांनी द्यावं, तिथल्या तिथे आणि एका वाक्यात: ‘माझ्या घरात असं बोलायचं नाही.’ हे वाक्यही शेवटच्या भेटीत दोनदा म्हणून घ्यावं.